ताशी बेचाळीस नग

उद्यमबागेत माझं काम घासायचं.
भट्टीतनं आलेलं कास्टिंग, अंगाला वाळू चिकटलेली,
कडेनं फुटलेली धार.
ग्राइंडर लावायचा, ठिणग्या उडाल्या की पुढचं.
ताशी बेचाळीस नग.
तांब्यातलं पाणी ऊन आहे की गार
ते आता तळहाताला कळत नाही,
मनगटाला विचारावं लागतं.

त्या हातांत सिस्टरनं मुलगी दिली.
काखेत, मांडीच्या घडीत पांढरं काहीतरी,
लोण्याचं बोट फिरवल्यासारखं.
मी रुमाल काढला.
"पुसू नका हो, येतानाच लावून आलीय ती.
जिरू द्या."
रुमाल परत खिशात गेला.
ग्रीसचा वास यायचा त्याला.

नाळ पडल्यावर देसूरची निंगव्वा यायला लागली.
नखं मुळापर्यंत कापलेली,
बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर फडकं बांधलेलं.
पाय पसरून बसली, पोटरीवर पोर.
खोबरेलाचा एक थेंब पोरीच्या पिंढरीला लावला
आणि बाटलीला बूच.
"नाळे नोडूणु."
मला वाटलं नाळेचंच काही बोलते.
भारता हसली, "उद्या बघू म्हणते.
लाल नाही झालं तर मग सगळ्या अंगाला."

मी चंदगडकडचा. माझं कानडी कारखान्यापुरतं.
बा. होगु.
लगू माड, लगू.

शेजारच्या कलावतीवहिनी बेसनाचा गोळा मळून घेऊन आल्या.
"खांद्यावरची लव काढा बाई आत्ताच,
आणि रंगबी उजळतोय."
निंगव्वानं वाटी कोपरानं बाजूला सारली.
"लव तिची हाय. आपणच झडती.
घासाय ही काय भांडं हाय?"
वहिनी वाटी घेऊन गेल्या. त्यांच्या घरी
रात्री पिठलं झालं असणार.
मी दारात उभा होतो,
हात पाठीमागं धरून.

बारशाला आलेली पावडर फळीवर तशीच आहे,
डब्यावरचं गोरं बाळ आमच्याकडं बघतं.
मानेच्या वळ्या नुसत्या टिपायच्या,
भारताच्या जुन्या शहापुरी लुगड्याच्या तुकड्यानं.
शंभरदा धुतलेलं सूत.
कापड इतकं मऊ व्हायला नऊ वर्षं लागली
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सोमवारी बस आली नाही.
का, ते दोन्ही भाषांतल्या पेपरांनी
आपापल्या परीनं लिहिलं होतं.
भारताचे टाके ओले, खाली बसता येईना.
पोर रडत होती.
निंगव्वा फोनवर, स्पीकर सुरू:
"तुम्ही घ्या की ओ."

माझे हात खरखरीत आहेत, मी म्हटलं.
"मग पहिला त्यांनाच तेल लावा."

लावलं. भेगांत शिरलं, दिसेनासं झालं.
परत लावलं.
एवढा वेळ मी माझ्या हातांना कधी दिला नव्हता.
मांडीवर घेतली तिला, आणि तळवा टेकवायचा धीर होईना
म्हणून मनगट टेकवलं, नाडी दिसते ती बाजू,
जिथं ठिणगी पोचलेली नाही.
छातीवरून पोटाकडं. पोटावरून पायाकडं.
खांद्यावर लव होती अजून,
पिकायच्या आधीच्या पेरूला असते तेवढी.
फोनमधून आवाज येत होता,
"सावकाश माड्री. सावकाश."

हा शब्द तिच्याकडंही आहे
हे मला बेळगावात अकरा वर्षं राहून माहीत नव्हतं.
आमच्या शेडमध्ये तो कुणी वापरत नाही,
मराठीतही नाही.

रडायची थांबली. लगेच नाही.
मला बघत होती, किंवा माझ्या मागची खिडकी.

दुसऱ्या दिवशी ताशी चाळीसच भरले.
"दोन कुठं गेले?" सुपरवायझरनं विचारलं.
मी हातमोजे चढवले.
आत खोबरेलाचा वास होता.